एक हात कमी

लिफ्ट बंद पडली तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले होते, दोन दिवसांत होईल. त्या वाक्याला आता आठ महिने झाले होते आणि चौथ्या मजल्यावरच्या घरात आई अडकली ती अडकलीच. दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. जिना उतरायचा तर बसून, एकेक पायरी, लहान मुलासारखं घसरत. आणि परत वर यायचं तर नावच नको. ज्या बाईने तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, जिच्या एका आरोळीवर अख्ख्या मैदानाचे हात वर जायचे, ती आता गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या रस्त्याला शिस्त लावत बसायची. "ए टेम्पोवाल्या! आरसा कशाला दिलाय गाडीला? भांग पाडायला?" चार मजले खाली टेम्पोवाला दचकायचा आणि खरंच आरशात बघायचा.

लेकीचं, म्हणजे ताईचं, चष्म्यांचं दुकान होतं, पलीकडच्या कोपऱ्यावर. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची, "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" असं विचारत राहायचं, आणि संध्याकाळी भाजी, दूध, आईच्या गोळ्या असं सगळं दोन्ही हातांत घेऊन चार मजले चढायचे. दुकानासमोरचा रस्ता वर्षात तीनदा खणलेला. आधी पाण्याच्या पाइपसाठी, मग केबलसाठी, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते खणणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. ताईने विचारलं तर मुकादम म्हणाला, "ऑर्डर आहे." गिऱ्हाईक खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून तोल सावरत दुकानात यायचं, आणि ज्यांना चष्म्याची खरी गरज ते फळीवर पाऊलच टाकायचे नाहीत.

बोलायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. हा देश बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हे. रस्त्यावरून रोज कुणाचा ना कुणाचा मोर्चा जायचा, मोर्चाच्या विरोधात दुसरा मोर्चा यायचा, आणि दोन्ही मोर्चे एकाच खड्ड्यात अडकायचे. लिफ्टचं तर विचारूच नका. लिफ्टवर चार सभा झाल्या. देखभालीचं कंत्राट अध्यक्षांच्या साडूकडे होतं. साडू एकदा येऊन लिफ्टची मोटर दुरुस्तीला म्हणून घेऊन गेला होता आणि मोटर कुठे आहे हे आता साडूच्या बायकोलाही ठाऊक नसावं. चारही सभांत अर्ध्या इमारतीने साडूला चोर म्हटलं, उरलेल्या अर्ध्या इमारतीने "पुरावा काय?" म्हटलं, आणि दुसऱ्या मजल्यावरचे सूचनाकाका दर दहा मिनिटांनी उठून "माझी एक सूचना आहे" म्हणाले. चहा झाला, सभा संपली. लिफ्टच्या दारावरची 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी तेवढी नवी झाली.

आणि या सगळ्यात ताईचं दुखणं वेगळंच. बोलायला ती पुढे, पण मत द्यायला तिला हातच नव्हता. घर धाकट्याच्या नावावर. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, वीस वर्षांपूर्वी परदेशी गेलेला. त्यानेच तिकडच्या पगारातून हे घर घेऊन दिलं होतं, त्यामुळे सभेत हात वर करायचा अधिकार त्याचा. "अरे, माझ्या नावाने एक अधिकारपत्र पाठव," असं ताईने कितीदा तरी फोनवर सांगितलं. तो म्हणायचा, "बघू. उगीच कशाला कागदावर सही?" सही करायला एवढा कसला आळस, म्हणून ताई कपाळावर हात मारून घ्यायची.

शेवटी धाकटाच आला, दोन आठवड्यांच्या रजेवर, सहा वर्षांनी. येताना तो आईचं तिकीट घेऊनच आला होता.

पहिल्याच दिवशी, चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचल्यावर, पाण्याचा पेला हातात घेऊन त्याने सुरुवात केली. "आमच्याकडे लिफ्ट बंद पडली ना ताई, तर तासाभरात माणूस येतो. युनिफॉर्म घालून. जाताना फरशी पुसून जातो."

"आणि नाही आला तर?"

"येतोच."

"अरे पण समजा, नाही आला तर कुणाला बोलायचं?"

धाकट्याने पाण्याचा घोट घेतला. "तशी वेळ येत नाही," तो म्हणाला आणि त्याने विषय बदलला.

त्यानंतर आठवडाभर घरात 'आमच्याकडे'चं पारायण चाललं. आमच्याकडे बस मिनिटाला सुटते. आमच्याकडे नळाचं पाणी तसंच प्यायचं. आमच्याकडे रात्रीअपरात्री मुलगी एकटी बागेतून चालत येते, कुणी मान वर करून बघत नाही. आमच्याकडे आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन महिन्याच्या आत होईल, फुकट. सुनेने डॉक्टरांशी बोलूनसुद्धा ठेवलंय. आणि यातलं काहीही खोटं नव्हतं, हाच तर ताईचा संताप होता. खोटं असतं तर 'दुरून डोंगर साजरे' म्हणून मोकळं होता आलं असतं. धाकट्याच्या अंगावरचा शर्ट, त्याचे नीट दात, त्याच्या मुलांचे फोटो सगळं सांगत होतं की तिकडे खरंच बरं आहे. ताई दुकानातून धुळीने माखून यायची, आणि हा दारातच म्हणायचा, "आमच्याकडे धूळ नसतेच." ताईला वाटायचं, ती फळी उचलून आणावी आणि याच्या डोक्यात घालावी.

पण एक गोष्ट तिच्या लक्षात यायला लागली होती. आई गॅलरीतून रस्तेखात्याच्या मंत्र्याचा उद्धार करायला लागली की धाकटा उठायचा आणि गॅलरीचं दार लावून घ्यायचा.

"आई, हळू. खाली लोक आहेत."

"खाली लोक आहेत म्हणूनच गॅलरीतून बोलतेय," आई म्हणायची. "घरात काय भिंतींना सांगू?"

तिकडच्या सरकारचा विषय निघाला तर तो आणखी मजेशीर वागायचा. आईने एकदा सरळ विचारलं, "तुमच्या त्या वरच्या साहेबांचं किती वय झालं रे आता? खुर्ची सोडायचं नाव नाही त्यांचं." तर धाकट्याने आधी टेबलावरचा आपला फोन उचलला, आत कपाटात कपड्यांखाली ठेवून आला, आणि मग म्हणाला, "तब्येत चांगली आहे त्यांची." ताई हसत सुटली. आई हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

आईच्या मनात जायचं होतं की नाही? ते कुणालाच कळेना. शेवटी तिनेच शाळेतल्यासारखा निकाल जाहीर केला. "रविवारच्या सभेत लिफ्टचा ठराव पास झाला, तर मी इथेच राहीन. नाही झाला तर तुझ्याबरोबर येईन. मला काही जन्मभर या गॅलरीत राघूसारखं बसायचं नाही. बस, ठरलं."

आईचं 'ठरलं' म्हणजे दगडावरची रेघ. तीस वर्षांत तिने एकदाही शिट्टी परत घेतली नव्हती.

ताई त्या रात्री कूस बदलत पडून राहिली. गेले कित्येक महिने, दमून वर आली की ती स्वतःच म्हणायची, "जा गं बाई तिकडे एकदाची, सुटशील." आपणही सुटू, हे ती बोलायची नाही, पण मनात असायचं. आता तिकीट समोर टेबलावर पडलं होतं. आई गेली की संध्याकाळी चार मजले चढून यायचं ते कुणाला दिवसभराची कटकट सांगायला? बंद गॅलरीला? तिला लिफ्ट हवी होती. लिफ्टही हवी होती आणि आईही.

सकाळी तिने धाकट्याला धरलं. "हे बघ, मी मोजलंय. आपली आणि त्यांची मतं अगदी सारखी आहेत. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत धरतात, दर वेळी तिथेच घोडं पेंड खातं. या वेळी तू आहेस. तुझा एक हात आला की साडूचं कंत्राट रद्द. तुला आईला न्यायचंय हे मला माहीत आहे. पण हात प्रामाणिकपणे वर करशील ना?"

"करेन की," धाकटा म्हणाला. "आईने ठरवलंय ना. त्यात काय एवढं? लिफ्टचंच तर मत आहे."

"शब्द दे."

"दिला."

सभा तळमजल्यावर, स्कूटर लावायच्या जागेत. स्कूटर बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. आईने जाहीर केलं की तीही येणार. मग तिची वेताची खुर्ची आणली, आईला तीत बसवलं आणि चौघांनी चार पाय धरले. एका पायाला धाकटा, दुसऱ्याला पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, तिसऱ्याला पोलिसातला हवालदार, चौथ्याला किराणा दुकानदार. यांतले डॉक्टर आणि हवालदार आईचेच विद्यार्थी. डॉक्टर अध्यक्षांच्या गोटातले, कारण अध्यक्षांनी त्यांना दवाखान्याची पाटी फाटकावर लावू दिली होती. हवालदार ताईच्या बाजूचा. पण खुर्ची उचलायला दोघे एकत्र. "डावा, उजवा, डावा, उजवा," असं आईच खुर्चीतून सांगत होती, आणि प्रत्येक वळणावर "डॉक्टर, पोक काढू नकोस" हेही.

आठ महिन्यांनी आई जमिनीवर आली. तिने आधी फाटकातून रस्त्यावरचा खड्डा डोळे भरून पाहून घेतला. "वरून एवढा मोठा वाटत नव्हता," ती म्हणाली.

सभा सुरू झाली म्हणजे नेहमीसारखा गोंधळ सुरू झाला. मागच्या सभेचं टिपण वाचायच्या आधीच किराणावाला ओरडला, "मोटर कुठाय ते आधी सांगा!" अध्यक्ष म्हणाले, "मुद्द्याचं बोला." "मोटर हाच मुद्दा आहे!" सूचनाकाका उठले, "माझी एक सूचना आहे." "बसा हो काका!" "मी का बसू? तुमच्या साडूच्या खिशात बसलेत ते बसू देत!" तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई उठून उभ्या राहिल्या, त्यांनी फोन हातात धरला आणि सगळ्यांची तोंडं टिपायला सुरुवात केली. "पुरावा म्हणून ठेवतेय. कोण काय बोललं आणि कुणी कुठे हात वर केला, सगळं राहील यात."

सूचनाकाकांना कॅमेरा दिसला आणि त्यांना चेव आला. लिफ्टवरून ते नगरपालिकेवर गेले, नगरपालिकेवरून मंत्र्यांवर, आणि मंत्र्यांना त्यांनी जे नाव ठेवलं ते घरात लहान मूल असेल तर उच्चारू नये असं होतं. शेजारी हवालदार बसला होता. तो हसला. "काका, ते वर्दीतल्या माणसासमोर नका बोलू हो."

"आज वर्दीत कुठे आहेस तू?"

"म्हणूनच हसलो ना."

ताईने सहज धाकट्याकडे पाहिलं. त्याने खुर्ची हळूहळू मागे घेत खांबाच्या आड नेली होती. त्याची नजर शिकवणीच्या बाईंच्या फोनवर खिळलेली. फोन डावीकडे वळला की हा उजवीकडे झुकायचा. कपाळावर घाम. "काय रे, बरं नाही का?" तिने विचारलं. त्याने नुसती मान हलवली.

तासाभराच्या आरडाओरड्यानंतर अध्यक्षांनी टेबलावर पेला आपटला. "ठराव मताला टाकतो. जुनं कंत्राट रद्द करून नव्या कंपनीला द्यावं, या बाजूचे जे असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. किराणावाला, हवालदार, सूचनाकाकांचे तर दोन्ही. "एकच, काका, एकच." शिकवणीच्या बाईंनी एका हातात फोन धरून दुसरा वर केला आणि फोन सभेवरून सावकाश फिरवायला लागल्या. ताईने मनातल्या मनात मोजलं. एक कमी येत होता. तिने वळून पाहिलं.

धाकट्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"अरे," ती पुटपुटली. "हात."

तो हलला नाही.

"अरे, हात वर कर! मोजतायत!" तिने कोपराने ढोसलं. त्याचा उजवा हात मांडीवरून किंचितसा सुटला, बोटं हलली, आणि परत खाली बसला. फोन फिरत फिरत खांबापर्यंत आला होता.

"चला, मोजले," अध्यक्ष म्हणाले.

"थांबा!" ताई ओरडली. "आमचं मत राहिलंय!"

"तुम्हाला मत नाही, ताई. मालक बसलेत ना तिथे. मालकांना काही म्हणायचंय का?"

सगळी सभा धाकट्याकडे बघायला लागली. शिकवणीच्या बाईंनी फोन त्याच्यासमोर धरून ठेवला, चांगल्या मनानेच. तो फरशीकडे बघत होता. आणि तेवढ्यात वेताच्या खुर्चीतून, आठ महिने चार मजल्यांवरून रस्ता हाकणाऱ्या त्या गळ्यातून, मैदानावरची जुनी आरोळी आली.

"हाऽऽत वर!"

डॉक्टरांचा हात वर गेला. सरळ, कानाला चिकटून, कोपर ताठ. हवालदाराचा तर होताच वर, त्याने दुसराही केला. फाटकाबाहेरून कुणीतरी बघत होतं, त्यानेही केला. आणि असा गदारोळ उठला की विचारू नका. "डॉक्टरांचा हात आला! आला तो धरा!" "अहो, सवयीने गेला तो!" डॉक्टर लाजेने लाल होऊन हात खाली घेत होते. "गेला तो गेला! मत म्हणजे मत!" अध्यक्ष पेला आपटत ओरडले, "तो हात ठरावावर नव्हता, बाईंच्या आरोळीवर होता! धरता येणार नाही!" सूचनाकाका म्हणाले, "माझी एक सूचना आहे." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई हसत नव्हती. ज्याच्यासाठी आरोळी दिली तो एक हात हलला नव्हता आणि तो तिच्या पोराचा होता. तिने खुर्चीतून वाकून त्याच्या मांडीवरच्या मुठीवर आपला हात ठेवला. मूठ ओलीचिंब झालेली होती.

मतं सारखी पडली. अध्यक्षांनी आपलं मत साडूला दिलं. कंत्राट आणखी एका वर्षासाठी कायम, टाळ्या, चहा.

चहा झाल्यावर त्याच चौघांनी खुर्ची उचलली. जिंकलेले अध्यक्ष स्वतः आईची काठी घेऊन पुढे चालले होते, "सांभाळून, सांभाळून" करत. ताईचा जीव नुसता उकळत होता. या देशात माणसं खाली गळा धरतात आणि वर जाताना काठी धरतात. यांना नीट शत्रूसुद्धा होता येत नाही. दार लागेपर्यंत तिने दम धरला. मग ती फिरली.

"मुद्दाम केलंस! आई तुझ्याबरोबर यावी म्हणून. शब्द दिला होतास मला. आठ महिने मी या जिन्यावर मरतेय, आणि जिथे लिफ्ट तासाभरात दुरुस्त होते तिथला माणूस येऊन आमची लिफ्ट बंद ठेवून जातोय!"

"मुद्दाम नाही गं, ताई."

"मग काय हाताला लकवा झाला?"

धाकटा उठला आणि गॅलरीचं दार लावायला गेला.

"ते दार उघडं राहू दे," आई म्हणाली.

तो दारापाशीच उभा राहिला. मग, इतक्या हळू आवाजात की दोघींना पुढे वाकावं लागलं, तो बोलायला लागला. कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर एक जण होता. दुपारी डबा एकत्र खायचे. वर्षाच्या शेवटी मोठी बैठक झाली, वरून माणसं आली होती. त्यांनी विचारलं, कुणाला काही अडचण असेल तर मोकळेपणाने हात वर करा. त्याने केला. सुट्ट्यांबद्दल काहीतरी विचारलं, दोन वाक्यं. सगळे हसले, साहेबही हसले, चांगली सूचना म्हणाले.

"मग?"

"दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल रिकामं होतं. पुसलेलं. नुसता त्याचा कप राहिला होता. तो कप मी उचलून कपाटात ठेवला. कुणी काही विचारलं नाही. मीपण नाही." त्याने गॅलरीच्या दाराची कडी चाचपली. "त्याची बायको आमच्याच इमारतीत राहायची. लिफ्टमध्ये भेटली की मी फोन बघायचो. मग ती पण गेली कुठेतरी."

"किती वर्षं झाली याला?" ताईने विचारलं. तिचा आवाज खाली आला होता आणि त्याचाच तिला राग आला.

"झाली बरीच. मी विसरलो होतो खरं म्हणजे. तिकडे असं सारखं मनात नसतं गं, ताई. माणसं मजेत असतात. मीपण मजेत आहे. आज मला हात वर करायचाच होता. त्या बाईंचा फोन आला समोर आणि हात गेलाच नाही. मी सांगत होतो त्याला, जा म्हणून."

खाली कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं. एरवी आईने त्याचा समाचार घेतला असता.

"आता तरी चल माझ्याबरोबर," धाकटा म्हणाला. "तूच ठरवलं होतंस. ठराव पडला."

"हो, पडला. पण मी नाही येत."

"आई! तू शब्द दिला होतास."

"दिला होता. फिरवते. आयुष्यात पहिल्यांदा फिरवतेय, तर फिरवू दे." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "गुडघे तिकडे नवे होतील, मला माहीत आहे. सून चांगली आहे, तेही माहीत आहे. पण माझं तोंड तुला माहीत आहे ना? मी तिकडे गॅलरीत बसून एकदा जरी ओरडले, तर तुझं टेबल पुसतील. आणि मी मूग गिळून बसले, तर चार दिवसांत मरेन. तू का नाही येत इकडे?"

धाकट्याने खोलीभर नजर फिरवली. पोपडे आलेली भिंत, धुळीने करडी झालेली खिडकी, पाणी गेल्यामुळे मोरीत भरून ठेवलेल्या बादल्या. "पोरांची शाळा आहे," तो म्हणाला. "त्यांना इथे नाही जमणार." आणि तेही काही खोटं नव्हतं.

ताई उठून मोरीत गेली, उगाचच एका बादलीतलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतत राहिली. आई राहणार म्हणून तिला रडू येत होतं, लिफ्ट होणार नाही म्हणून येत होतं, आणि या गाढवाच्या हातासाठी येत होतं. आणि धड कुणावर चिडावं हेच कळत नव्हतं. शेवटी तिने साडूला मनसोक्त शिव्या दिल्या. मोरीतून, मोठ्याने, खालच्या मजल्यावर ऐकू जातील अशा. जरा बरं वाटलं.

जायच्या दिवशी सकाळी धाकट्याने पाया पडून आईला मिठी मारली, आणि मग खिशातून घडी केलेला कागद काढून ताईच्या हातात कोंबला. अधिकारपत्र. खाली सही होती. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं कापरं. "पुढच्या सभेत तू कर हात वर," तो म्हणाला. "माझ्या नावाने कर, पण फोटो नको काढू देऊस." ताईच्या ओठावर आलेलं खोचक वाक्य तिने गिळलं. तिच्यासाठी ते फार मोठं काम होतं.

तो बॅग घेऊन जिना उतरला. गाडी खड्ड्यापलीकडे उभी होती. फळीवरून तोल सावरत तो रस्त्याच्या मध्यावर आला, तेव्हा ताईने आईची खुर्ची कठड्यापर्यंत सरकवली. आईने छातीत हवा भरून घेतली. ताईला वाटलं, आता रडेल.

"हाऽऽत वर!"

फळवाल्याने मान वर केली. टेम्पोवाल्याने ब्रेक लावला. मुकादम, खणणारे, फाटकातले अध्यक्ष सगळे वर बघायला लागले. धाकटा फळीवर थिजला होता. त्याने आधी डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग त्याचा हात हळूहळू वर आला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला, कोपरात वाकलेला. तसाच धरून तो थोडा वेळ उभा राहिला, मग गाडीत बसला.

"अर्धाच आला गं," ताई म्हणाली. "लहानपणीही असाच करायचा का तो?"

"नाही," आई म्हणाली. "सगळ्या वर्गात त्याचा पहिला जायचा."